राखीव उतारा

चष्मा मोडायला फार मोठं निमित्त लागलं नाही. ती खुर्चीत बसली आणि चष्मा तिच्याआधीच तिथे बसलेला होता, एवढंच.

काडी एकीकडे, काच दुसरीकडे. समोर संध्याकाळपर्यंत संपवायचं काम, आणि कागदावरची अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या. ऑफिससमोर, रस्त्यापलीकडे चष्म्याचं दुकान होतं. रोज जाता-येता ते दिसायचं, पण आज तेही दिसत नव्हतं. तिनं रस्ता ओलांडला तो देवाच्या भरवशावर, आणि दार समजून आधी काचेच्या कपाटालाच धडकली.

"या, या," आतून आवाज आला. "दार इकडे आहे. नंबर बराच दिसतोय तुमचा."

आवाज छान होता. आवाजाचा मालक म्हणजे मात्र एक उंच, निळसर धूसर ठिपका. त्या ठिपक्यानं तिला खुर्चीत बसवलं, नाकावर जड चौकट चढवली आणि एकेक काच घालत विचारायला सुरुवात केली.

"सांगा, हे बरं की आधीचं?"

"आधीचं… नाही, थांबा. पुन्हा दाखवा."

"हे?"

"सारखंच वाटतंय."

"मग सारखंच आहे म्हणा."

"कसं म्हणू? तो पर्याय तुम्ही दिलाच नव्हता!" ती उसळून म्हणाली. "हे की आधीचं, असं विचारलंत. दोनच पर्याय ठेवले की माणूस नुसत्या अंदाजानं अर्धी उत्तरं बरोबर देतो. चांगल्या परीक्षेत असं चालत नाही."

मग ठिपका हसला. "बाई, तुम्ही डोळे तपासायला आलाय की मला तपासायला?"

तीही हसली… आणि नेमक्या त्याच वेळी त्यानं शेवटची काच बसवली. समोरच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ लख्ख झाली. तक्त्याच्या बाजूला तो उभा होता. बाही कोपरापर्यंत सरकवलेली, केस विस्कटलेले, हसताना एका गालावर खळी. त्यानंच दिलेल्या काचांतून तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं, आणि खालची ओळ वाचायची राहूनच गेली.

"दिसतंय?" त्यानं विचारलं.

"दिसतंय," ती म्हणाली. जरा जास्तच हळू.

ती काम करायची ती संस्था इंग्रजीची परीक्षा घ्यायची. ज्यांच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत, पण शिकायला किंवा नोकरीला परदेशी जायचंय, अशा लोकांची परीक्षा. व्याकरण, शब्द आणि वाचून समजतं की नाही याचे प्रश्न. तिच्याकडे वाचनाचे उतारे होते. एक पानभर उतारा लिहायचा, त्याखाली प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं. एक बरोबर आणि तीन बरोबर वाटणारी.

"म्हणजे पगार घेऊन लोकांना फसवता," चष्मा न्यायला ती गेली तेव्हा तो म्हणाला.

"फसवत नाही. ज्यानं नीट वाचलंय तो फसत नाही."

"माझ्या परीक्षेत कुणी नापासच होत नाही. दिसत नसेल तर काच बदलायची. माणूस तोच."

असं बोलत त्यानं चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला, कानामागची काडी बोटानं हलकेच दाबून पाहिली. काम अर्ध्या मिनिटाचं. तिला मात्र कान गरम झाल्याचं ऑफिसात परत आल्यावरही जाणवत होतं.

त्यानंतर त्या चष्म्याला काय झालं कुणास ठाऊक. कधी तो नाकावरून घसरायचा, कधी उजवीकडे कलायचा, कधी काडी टोचायची. "एवढा महागाचा चष्मा आणि रोज उठून दुरुस्ती?" घरी आत्या म्हणाली. "दुकानदार लबाड दिसतोय."

"नाही गं आत्या, चांगला आहे बिचारा," ती पटकन म्हणाली. आत्यानं तिच्याकडे एकवार पाहिलं आणि पुढे चष्म्याचा विषय काढला नाही. आत्या जुनी खेळाडू होती.

दुकानात एक आजोबाही यायचे. दर आठवड्याला चष्मा घट्ट करून मागायचे. चष्मा घट्टच असायचा. तरी चष्मेवाला काच पुसायचा, काडी उघडून-मिटून पाहायचा, आजोबांच्या डोळ्यांवर नीट बसवायचा आणि म्हणायचा, "आता बघा." आजोबा रस्त्याकडे बघत म्हणायचे, "आता कसं छान दिसतंय."

"त्यांना खोटं का सांगता?" तिनं एकदा विचारलं.

"खोटं कुठे? घरी बोलायला कुणी नाही त्यांना. इथून जाताना त्यांना खरंच जास्त छान दिसत असेल." मग तिच्याकडे न पाहता, "काही लोकांच्या चष्म्याला काही झालेलंच नसतं. तरी ते आले की बरं वाटतं… दुकानाला."

"दुकानाला?"

"दुकानालाच. मला कशाला?"

गालावरची खळी मात्र लपली नाही.

तिनं त्या आठवड्यात जो उतारा लिहिला तो एका चष्मेवाल्याचा आणि दर आठवड्याला येणाऱ्या म्हाताऱ्याचा होता. तिच्या हातून इतकं सरळ, सोपं आणि मऊ याआधी काही लिहून झालं नव्हतं. संस्थेची पद्धत अशी की नवा उतारा आधी अनोळखी लोकांकडून सोडवून घ्यायचा. ज्या प्रश्नाला सगळे बरोबर किंवा सगळे चूक, तो प्रश्न बाद. तिचा एकही प्रश्न बाद झाला नाही. विभागाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "बरा आहे. येत्या परीक्षेत घालू." मोठ्या बाईंचं 'बरा' म्हणजे इतरांचा टाळ्यांचा कडकडाट. ती हवेत तरंगत दुकानात गेली.

तो दारातच उभा होता. हातात एक पाकीट, चेहरा हसू की नको अशा अवस्थेतला. आत गल्ल्यावर त्याचे बाबा बसले होते.

"मला घेतलं," तो म्हणाला. "परदेशातल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात. तान्ह्या मुलांचे चष्मे शिकायला. बाळ काही सांगू शकत नाही ना, हे बरं की आधीचं… त्याचं सगळं तंत्रच वेगळं. दोन वर्षांचं शिक्षण आहे. फक्त इंग्रजीची परीक्षा पास व्हायची. तुमचीच. पुढच्याच महिन्यात."

"अरे वा!" ती म्हणाली. "अभिनंदन!"

शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर तिला त्याचा अर्थ कळला. तो जाणार होता.

"तुम्हाला आनंद झाला?" त्यानं विचारलं. नजर तिच्या चेहऱ्यावर खिळलेली.

"झाला तर! का नाही होणार?"

"नाही… म्हणजे, सहज विचारलं."

रस्ता ओलांडताना दुसरी गोष्ट लक्षात आली. तो परीक्षेला बसणार आणि त्याच परीक्षेत त्याच्याच दुकानाची गोष्ट. त्याला उतारा वाचायचीसुद्धा गरज नव्हती, सगळी उत्तरं त्याला घरबसल्या ठाऊक. इतर लोक घाम गाळणार आणि हा पानाकडे न बघता उत्तरांचे गोल काळे करणार. उतारे लिहिणाऱ्यांत याहून मोठा गुन्हा नाही.

मोठ्या बाईंना सांगायला हवं, हे तिला लगेच कळलं. तरी ती गेली नाही. गप्प बसावं तर तो आयता पास होईल आणि जाईल. सांगावं तर कदाचित त्याचं बसणंच पुढे ढकलतील, तोवर तिकडची जागा हातची जाईल आणि तो इथेच राहील. रस्त्यापलीकडे. रोज. हा दुसरा विचार इतका गोड वाटला की तिची तिलाच भीती वाटली. आपण खरं बोलणार ते खरेपणासाठी, की त्याला अडकवून ठेवण्यासाठी? रात्री ती ताटातला भात नुसता चिवडत राहिली. आत्यानं ताट पुढे सरकवत विचारलं, "आज चष्मा दुरुस्त नाही झाला वाटतं?"

प्रश्नपत्रिका छापायला जायच्या आदल्या दिवशी ती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "तो तुझा कोण?"

"कोणीच नाही," ती म्हणाली. मग डोळे भरून आले. "अजून कोणी नाही. पण व्हावा असं फार वाटतं मला. तरी त्याची परीक्षा चुकवू नका, बाई. त्याला जाऊ दे. फक्त माझा उतारा काढा."

मोठ्या बाईंनी कपाटातून एक फाईल काढली. "आपल्याकडे राखीव उतारा असतोच," त्या म्हणाल्या. "माझाच आहे. तो घालू. तुझा आता कायमचा बाद. आणि निकाल लागेपर्यंत त्या दुकानाची पायरी चढायची नाहीस. बोलायचंही नाही. कबूल?"

"कबूल."

मग तिचा चष्मा खरोखरच ढिला झाला. इतके दिवस नुसतं निमित्त होतं आणि आता काडीचा स्क्रू चक्क गळून पडला. तिनं तिथे दोरा बांधला आणि मान खाली घालून रस्त्याच्या या बाजूनं जाऊ लागली. तो दोन-तीनदा दारात आला. एकदा त्यानं हात वर केला आणि अर्ध्यातच खाली घेतला. तिला रडू आलं, पण शब्द दिला होता.

निकाल लागला त्या दुपारी मोठ्या बाई तिच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "पास झालाय. चांगला झालाय. जा आता, आणि आधी तो दोरा सोड, बघवत नाही मला."

बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता. ती तशीच पळत सुटली. चष्म्याच्या काचांवर थेंब, त्यामुळे आजही तो तिला आधी ठिपकाच दिसला.

"आलात?" तो म्हणाला. आवाज कोरडा होता. "मला वाटलं, डोळे बरे झाले तुमचे."

"निकालापर्यंत बोलायची बंदी होती मला. कामाचा नियम. विचारा हवं तर आमच्या मोठ्या बाईंना."

त्याच्या चेहऱ्यावरचा राग एवढ्या लवकर उतरला की त्याला स्वतःलाच ते आवडलं नसावं. त्यानं तिचा चष्मा काढून घेतला, दोरा पाहिला आणि स्क्रू शोधू लागला.

"पास झालात," ती म्हणाली.

"व्हायचं नव्हतं."

"काय?"

"नापास व्हायचं ठरवलं होतं," तो स्क्रूशी बोलल्यासारखा बोलत होता. "तुम्ही अभिनंदन म्हणून निघून गेलात, मग इकडे फिरकलाच नाहीत. म्हटलं, तिकडे जाऊन काय करू? शेवटच्या भागात सरसकट चुकीचे गोल भरायचे. बाबांना सांगायचं, नाही जमलं. पेन टेकवलंसुद्धा. आणि समोर तो उतारा आला… गोगलगाईंचा."

"गोगलगाईंचा," ती म्हणाली.

"वाटलं, हा तुम्हीच लिहिलाय. किती मायेनं लिहिलंय, पावसानंतर त्या कशा निघतात, कशा थांबत थांबत जातात. दोनदा वाचला. तुमच्या प्रश्नाचं मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायला हातच धजेना. सगळी बरोबर दिली. झालो पास."

ती आधी हसली, मग हसता हसता रडली. "तो माझा नव्हता."

"मग?"

"मोठ्या बाईंचा होता."

त्यानं डोक्याला हात लावला. आतून बाबांच्या खोकल्याचा आवाज आला, पण तो खोकला नव्हता, हसू होतं.

"मग तुमचा कुठे होता?"

"मी काढायला लावला. आता तो रद्दच झालाय, म्हणून सांगते. तो या दुकानाचा होता. तुमचा आणि आजोबांचा. तुम्ही परीक्षेला बसणार कळलं, मग कसा ठेवणार?"

"पण परीक्षेला कुणी ना कुणी ओळखीचं बसतंच की. त्यासाठी एवढं?"

"नुसत्या ओळखीच्या माणसासाठी मी कशाला एवढं करीन?"

तो हातातला चष्मा विसरला. पावसाचा आवाज मोठा वाटू लागला.

"पुन्हा म्हणा."

"नाही. एकदाच."

"मग आता मी जाऊ कसा?"

"पास झालास ना? मग जायचं." तू म्हणून गेल्याचं तिला उशिरा कळलं. पण आता माघार नव्हती. "मला करमणार नाही. रोज संध्याकाळी या दाराकडे बघून रडू येईल, ते मी लपवणार नाही. पण त्या तान्ह्या पोरांना आईचा चेहरा दिसायला हवा. ते तू शिकून ये. मी थांबते. मला कुणी थांब म्हटलेलं नाही, माझी मीच थांबते."

"मी म्हणतो ना. थांब." त्यानं चष्मा काउंटरवर ठेवला. "दोन वर्षं थांब."

"थांबते. पण येताना गोगलगाईच्या चालीनं येऊ नकोस."

तो हसला आणि काहीतरी पुटपुटला, ते तिला ऐकू आलं नाही. चष्मा काउंटरवर पडलेला, समोर सगळं धूसर. आणि त्यानं, आज काही नीट बसवायचं नसताना, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.