झाकण लावण्याआधी

रूपेशने भंगाराचा टेंपो दुपारचाच सांगितला, कारण सकाळी त्याची खोपोलीला कारखान्यात पाळी असायची आणि संध्याकाळपर्यंत आईचं मन बदलायचं.

अंगणातला लोखंडी बोया न्यायचा होता. समुद्रात जहाजांना वाट दाखवणारा, आत माणूस मावेल एवढा पोकळ. खालापूरजवळच्या त्या गावात हे धूड म्हणजे सगळ्यांच्या चेष्टेचा विषय. पण रूपेशच्या वडिलांनी, हिरामणनी, सगळी नोकरी दीपस्तंभ खात्याच्या ‘दीपमाळ’ बोटीवर काढली होती. ती माझी सवत, असं आई सुंदरा लाडाने म्हणायची.

हिरामण तिची कहाणी सांगायला बसले की चहा गार व्हायचा. कोरी करकरीत ‘दीपमाळ’ रत्नागिरीला कशी आली, बोये उचलून, शिंपले खरवडून, रंग देऊन पुन्हा जागच्या जागी कशी सोडायची, वादळात तिने कुठकुठले मच्छीमार ओढून काढले. आणि शेवटी झेंडा उतरवून तिला तोडायला नेली तेव्हा हा गडी धक्क्यावर कसा ढसाढसा रडला. तिने उचललेला शेवटचा निकामी बोया त्यांनी लिलावात घेतला आणि घरी आणला.

“मी बारका, म्हनून गंज बगाया मलाच आत सोडायचे,” ते सांगायचे. “झाकण लावायच्या आदी भायेरचा दोनदा ठोकनार. आत कुनी आसला तं त्यानं एकदा ठोकायचं. उत्तर आलं नाय, तरच झाकण लावायचं.”

घरातही तीच सवय. मोरीचं दार बंद दिसलं की सुंदरा दोनदा ठोकायची, आतून एक ठोका यायचा. भांडण झालेलं असलं तरी तो चुकायचा नाही.

हिरामणचं वर्षश्राद्ध झालं तरी ती रोज बोयाला टेकून बसायची. जेवण टाळायची, वाळत चालली होती. बोया गेला की आई माणसांत येईल, एवढीच रूपेशला आशा होती.

टेंपो आला तेव्हा घाटावरून ढग उतरले होते, भरदुपारी अंगण करडं झालं होतं. टेंपोवाला रोहिदास बोयाचं उघडं झाकण बसवून बोल्ट आवळायला पाना घेऊन वाकला.

“थांब रं,” सुंदरा म्हणाली. तिने वरवंट्याने बोयावर दोनदा ठोकलं.

आतून एक ठोका आला.

रोहिदासने पाना जमिनीवर ठेवला. “उंदीर आसंल...”

रूपेशने मोबाइलचा उजेड आत टाकला. गंज आणि कोळ्याची जाळी, बाकी काही नाही. फक्त ओल्या मिठाचा वास आला. बाबा सुट्टीवर यायचे तेव्हा त्यांच्या कपड्यांना यायचा, तोच. रूपेशला गलबलून आलं आणि भीतीही वाटली.

सुंदरा झाकणाशी वाकली. “भायेर या आता,” ती हळूच म्हणाली. “बोट मोडली... तुमी कवर आत बसनार?”

ती जरा थांबली. मग पुन्हा दोनदा ठोकलं. आतून काहीच आलं नाही.

“लाव रं झाकण.”

बोया गेला आणि ती खरंच सुधारली. पोटभर जेवू लागली, शेजारीपाजारी जाऊ लागली. फक्त दिवेलागणीला मागच्या भिंतीवर बाहेरून दोन ठोके पडायचे आणि ती भाकरी थापता थापता भिंतीवर एकदा ठोकायची. रूपेश धावत मागे गेला तर तिथे नुसतं ओलं अळू.

“बापूस हाय तुजा,” ती म्हणाली. “इचारतो, मी आत हाय का.”

“आन् तू उत्तर नाय दिलंस तं?”

ती हसली. “मंग झाकण लावायचं.”

परवा तिला ताप भरला. गोळी घेऊन ती संध्याकाळीच झोपली. रूपेश उशाशी बसला होता.

भिंतीवर दोन ठोके पडले.

“आई... ए आई...”

ती हलली नाही. घरात ओल्या मिठाचा वास भरला. बाहेरचा वाट पाहत होता. त्याला घाई नव्हती, रागही नव्हता. त्याची मायाच होती तिच्यावर, आणि त्या मायेचीच रूपेशला धास्ती वाटली.

त्याने मूठ आवळली आणि आईच्या वतीने भिंतीवर एकदा ठोकलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग भिंतीपलीकडे कुणीतरी पाना हळूच जमिनीवर ठेवला.