फुंकरचा लाल दिवा

सावनीने नळीत जोरात फुंकलं आणि यंत्रावर लाल दिवा लागला.

रांगेतल्या पोरांची बडबड एकदम थांबली. हजार माणसांच्या चांदणवाडीत, म्हणजे चंद्रावरच्या त्या चिमुकल्या गावात, ‘फुंकर’ यंत्राचा लाल दिवा शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. लाल म्हणजे धूळफुप्फुस (चंद्राची बारीक धूळ छातीत साचून होणारा आजार). आणि ज्याला धूळफुप्फुस, त्याची पहिल्या यानाने पृथ्वीवर रवानगी! इथे पूर्वी खाण चालायची, त्या दिवसांपासूनचा हा नियम. यान उद्याच सुटणार होतं.

पृथ्वी सावनीने फक्त खिडकीतून पाहिली होती. तिचा जन्मच इथला. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणात (वस्तूंना स्वतःकडे खेचणाऱ्या ओढीत) तिला धड उभंसुद्धा राहता आलं नसतं. आणि आई प्राणवायूचा कारखाना सोडून येणार कशी? म्हणजे एकटीनेच जायचं.

घरी आई तिच्या फ्रॉकची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. तेवढ्यात मावशीआजी आली. ही आईची मावशी. फुंकर यंत्र तिनेच बनवलं होतं.

“मावशीआजी, खरं सांग, तुझं यंत्र किती अचूक आहे?”

“शंभर निरोगी माणसांनी फुंकलं, तर नव्याण्णव जणांना ते बरोबर हिरवा दिवा दाखवतं. आजारी माणूस तर त्याच्या तावडीतून सहसा सुटत नाही.”

“म्हणजे मी नव्याण्णव टक्के आजारी!” सावनीला रडूच फुटलं.

“अगं वेडाबाई, इथेच तर सगळा गाव फसलाय. डोळे पूस आणि तो शेंगदाण्यांचा डबा आण बघू.”

मावशीआजीने टेबलावर दाण्यांचा ढीग ओतला. “समज, हे हजार दाणे म्हणजे आपलं गाव. यात खवट किती? एखादाच. फुंकर तो शोधून काढतं. उरले नऊशे नव्याण्णव चांगले दाणे. पण शंभरातल्या एका चांगल्या दाण्यालाही ते उगाच खवट म्हणतं. असे किती होतील?”

सावनीने नाक ओढत हिशेब केला. “जवळजवळ दहा.”

“याला म्हणतात खोटा होकार (आजार नसताना ‘आहे’ म्हणणारा निकाल). आता सांग, एकूण लाल दिवे किती?”

“दहा आणि एक, अकरा. आणि खरा आजारी... एकच?”

आईच्या हातातला फ्रॉक तसाच राहिला. “पण मावशी, खाणीवर तर हेच यंत्र बरोबर सांगायचं!”

“तिथे आम्ही खोकणाऱ्यांनाच तपासायचो गं. दहांतले चार-पाच खरोखरच आजारी असायचे. यंदा गावच्या समितीला वाटलं, यंत्र नुसतं पडून आहे, तर अख्ख्या गावाला फुंकायला लावू. यंत्र तेच, नियमही तोच, पण माणसं वेगळी. हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.”

“मी पुन्हा एकदा फुंकू?”

“नको. तुझ्या श्वासातल्या कशाने ते आज फसलं असेल, तर परत फसेल. तपासणीच वेगळी हवी. छातीचं चित्र काढू.”

“आणि तो एक दाणा मीच असले तर?”

“असूही शकशील, बाळा. खोटं कशाला सांगू? पण अकरांतली एक.”

मावशीआजी समितीशी कडाकडा भांडली, तेव्हा कुठे यान थांबवलं गेलं. दवाखान्यात लाल दिव्याचे अकरा जण बाकावर बसले. सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक. एकटे खेळाचे खिल्लारे सर तेवढे थट्टा करत होते. गावातला सगळ्यात दणकट माणूस म्हणजे ते. त्यांना खोकताना कुणी कधी पाहिलं नव्हतं.

सावनीचा नंबर आला. पडद्यावर तिची फुप्फुसं उमटली. स्वच्छ! तिने अशी उडी मारली की डोकं थेट छताला आपटलं. आईने तिला खाली ओढून घट्ट कवटाळलं.

मग एकेक जण हसत बाहेर पडू लागला. शेवटी बाकावर खिल्लारे सर उरले. त्यांच्या चित्रात मात्र राखाडी ठिपके होते. सरांची थट्टा थांबली. गळ्यातली शिट्टी त्यांनी मुठीत धरली. सावनीचा आनंद कुठल्या कुठे गेला.

“सरांना जावं लागणार?” तिने हळूच विचारलं.

“नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “खाणीतली माणसं खोकून बेजार झाल्यावर यायची, तोवर उशीर झालेला असायचा. हे फार लवकर कळलं. धूळ इथेच धुऊन काढता येईल. ते यंत्र नसतं, तर कळलंच नसतं.”

सरांनी गळ्यातली शिट्टी काढून सावनीच्या हातात दिली. “मी बरा होईपर्यंत सांभाळ.”

दुसऱ्या दिवशी समितीने जुना नियम रद्द केला. फुंकरच्या लाल काचेवर सावनीने स्वतःच्या हाताने पिवळा कागद चिकटवला आणि त्यावर लिहिलं, ‘आता दुसरी तपासणी करा.’

खेळाच्या तासाला तिने शिट्टी ओठांना लावली. छातीत होता नव्हता तेवढा श्वास भरून घेतला आणि फुंकली. समोर दवाखान्याच्या खिडकीत खिल्लारे सरांनी हात उंचावला, “आणखी जोरात!”