‘सोडा’ म्हणायचं राहिलं

मथुरानं “श्वास धरा” म्हटलं, आणि खोलीत दोन बायांनी श्वास धरला.

एक होती मशीनपुढं उभी असलेली धुरपताबाई. दुसरी कोण, ते मथुराला कळलं नाही. कारण खोलीत दुसरी बाई नव्हतीच.

मन्मथअप्पा ही गोष्ट नेहमी इथूनच सुरू करतात आणि मग मुद्दाम थांबून पानाला चुना लावत बसतात. परभणीत जिंतूर रोडला त्यांचं औषधाचं दुकान, आणि रस्त्यापलीकडं ट्रस्टचा तो दवाखाना. लाइट गेली की पुतण्या-भाचे गच्चीवर त्यांच्याभोवती गोळा होतात.

“खोटं वाटत आसंल त्यानं आत्ताच खाली जावं,” अप्पा म्हणतात. “चुडाव्याच्या लिंबाजी मास्तराची पोरगी ती. रेल्वेनं यायची, माझ्या दुकानावरून जायची. तिच्या तोंडून ऐकलंय म्या.”

खाली कुणी जात नाही. जिना अंधारा असतो.

ब्याण्णव सालचा पोळा होता. अमावस्या. मथुरा एक्स-रेचं शिक्षण घेत होती आणि प्रत्यक्ष काम शिकायला तिला या दवाखान्यात धाडलं होतं, कारण इथं बायकांच्या छातीचा एक्स-रे काढायचं वेगळं मशीन होतं. कुणा दानशूरानं दिलेलं, जुनंच, पण चालू. दवाखान्यात त्याला सगळे ‘बायांचं मशीन’ म्हणत. पुरुषमाणूस त्या दारासमोरून जाताना मान खाली घालायचा.

शिकवायला औरंगाबादहून आलेल्या नर्मदाबाई मॅडम होत्या. लय कडक. सुरुवातीला त्यांनी मथुराला बाईला हातसुद्धा लावू दिला नाही. रबरी हातमोज्यात पाणी भरायला लावलं आणि तो मशीनच्या छाती दाबायच्या पट्टीखाली दाबून दाखव म्हणाल्या. “मोजा फुटला तर पाणी तुझ्या अंगावर. बाई ओरडली तर गाव माझ्या अंगावर.”  मथुरा तशी भित्रीच. बशी पडली तरी दचकणारी. मोजे फुटले, पदर भिजला, पण हळूहळू हात बसला.

मॅडमचा एक नियम मात्र देवाच्या नेमासारखा होता. बाई पट्टीत असताना तिला टाकून जायचं नाही. आणि ‘धरा’ जिनं म्हटलं, ‘सोडा’ तिनंच म्हणायचं. घराला आग लागली तरी.

हा नियम कुठून आला, ते आया सुलाबाईनं सांगितलं. चहा फुंकत, हळू आवाजात.

“मागल्या बॅचची पोरगी व्हती. लाइट गेली तशी पळाली भिऊन. अन बायनाबाई म्हून एक बाई पट्टीत आडकलेली, आंधारात. कुनी सोडा म्हनंना. तिनं आपला दम धरला तो धरला. शिकल्याल्या मानसांनी सांगितलंय नव्हं! लाइट आल्यावर काढली तर घामानं निथळायलेली. पुन्हा फिरकली न्हाई ती. फोटू ऱ्हायला, गाठ ऱ्हायली. वरसाच्या आत गेली बग.” सुलाबाईनं बशी खाली ठेवली. “जातानी म्हनं दम धरला अन सोडलाच न्हाई. घरचे म्हनले, कुनाच्या तरी हुकमाची वाट बगायल्यावानी डोळे व्हते.”

त्या दिवसापासून मथुरा ‘सोडा’ जरा मोठ्यानंच म्हणायची.

पोळ्याच्या दिवशी दवाखाना चारलाच रिकामा झाला. मॅडम गेल्या. सुलाबाई बैलाला पुरणपोळी चारायला गेली. मथुरा कामं आवरत मागं राहिली, अंधार पडता पडता खोलीला कुलूप लावायला निघाली, तेवढ्यात जिंतूरकडून उशिरा आलेल्या एसटीतून धुरपताबाई उतरली. बरोबर दीर, सिताराम. गावोगाव बैलांच्या मिरवणुका, गाडी रखडत आलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना औरंगाबादला निघायचं होतं, आणि तिथल्या डॉक्टरांनी फोटो घेऊनच या म्हणून बजावलं होतं. मथुरानं इथल्या डॉक्टरांना फोन लावला तर ते म्हणाले, “घे तूच. जमतंय तुला.”

सितारामनं मथुराला बाजूला घेतलं. “ताई, वैनी दोनदा दारातून माघारी गेल्यात. आज भेल्या तर पुन्हा न्हाई यायच्या. गाठ वाढायलीय. आज काय ते करा.” आणि तो फाटकापाशी जाऊन बसला.

 मथुरानं दिवा लावला, मशीन चालू केलं.

“काय गं पोरी,” धुरपताबाई पट्टीकडं बघत म्हणाली, “ह्ये मशीन हाय का उसाचा चरक?”

“थोडं दाबावं लागतं, मावशी. दाबलं तरच आतली गाठ दिसते.”

“आमच्या सासूनं बी आसंच दाबून बगितलं आमाला. तिला काय दिसलं न्हाई.”

दोघी हसल्या. मथुराचा हात सैल पडला. तिनं मोज्याची आठवण ठेवून पट्टी बेतानं खाली आणली, किरणं अडवणाऱ्या शिशाच्या काचेमागं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “श्वास धरा.”

दोन श्वास.

बटण दाबलं गेलं. “सोडा!”

धुरपताबाईनं हुश्श केलं. एकटीनंच. दुसरा श्वास सुटला नाही.

भास असेल. रिकामी खोली, घुमतो आवाज. मथुरानं चकती फिरवून पट्टी वर घेतली, फिल्मची पेटी बदलली, दुसऱ्या बाजूची तयारी केली. पट्टी खाली येत होती तेव्हा धुरपताबाई सहज म्हणाली, “हिचा बी फोटू काढायचाय का?”

“कुणाचा?”

“ही तुझ्या मागं हुबीय, तिचा. कवाची गप हुबीय बिचारी.”

मथुरानं मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर किंचाळली असती. आणि ती किंचाळली असती तर धुरपताबाई तिसऱ्यांदा पळाली असती. म्हणून तिनं ओठ चावला. काचेमागं गेली. बाहेर हलगी वाजत होती, तिकडं कान लावला.

“श्वास… धरा.”

धुरपताबाईनं धरला.

आणि मथुराच्या कानापाशी, अगदी कानापाशी, दुसरीनं धरला.

लाइट गेली.

मथुरा पळाली.

दार कुठं, भिंत कुठं, काही कळलं नाही. ती मागच्या अंगणात जनरेटरच्या खोलीपाशी पोचली तेव्हा एक चप्पल पायात नव्हती. “सटवाजीमामा! जनरेटर लावा! सटवाजीमामा!”

खोलीला कुलूप होतं. सटवाजी वॉचमनसुद्धा पोळ्याला गेलेला.

“सुलाबाई!”

ती तर कधीच गेली होती. तरी हाक मारली. हलगी थांबलेली. अख्ख्या रस्त्यावर कुत्रं नाही. नुसता अंधार…

(इथं गच्चीवर कुणीतरी हळूच विचारतं, “अन ती बाई, अप्पा?” अप्पा म्हणतात, “तेच. तेच तिला आठवलं.”)

बाई पट्टीत होती.

आणि ‘सोडा’ म्हणायचं राहिलं होतं.

मथुरा भिंतीला टेकली. फाटकातून सितारामला बोलवावं? पुरुषमाणूस, वहिनी उघड्या अंगानं. कंदील शोधावा? तोवर ती श्वास कोंडून उभी राहील. शिकल्यासवरल्या पोरीनं सांगितलंय म्हणून. उद्या औरंगाबादला जाणार नाही. परवाही नाही. गाठ वाढेल, आणि एक दिवस तिचेही डोळे कुणाच्या तरी हुकमाची वाट बघतील.

परत जायचं होतं. त्याच खोलीत.

ती गेली. भिंतीला हात घासत. एक पाय अनवाणी. दार हाताला लागलं. आत पाऊल टाकलं.

कसलाच आवाज नव्हता.

“मावशी… आले मी.”

काही नाही.

“मावशी, घाबरू नका.”

काही नाही. पण समोर कुणीतरी उभं होतं. कळतं ते, अंधारातही कळतं. मथुरानं हात पुढं केला. खांदा लागला. गार. घामानं निथळलेला. ताठ… जणू लाकूड.

तिची बोटं चकतीवर गेली. चकती फिरली. पट्टी कुरकुरत वर सरकली.

“सोडा,” मथुरा म्हणाली. आवाजच फुटला नाही. पुन्हा म्हणाली. “सोडा, मावशी. झालं. सोडा आता.”

आधी काहीच झालं नाही.

मग श्वास सुटला.

एवढा लांब श्वास माणसाचा नसतो. सुटतच राहिला… सुटतच राहिला. मथुराच्या गळ्यावर आला, गालावर आला. थांबेचना. कुणी वर्षभर कोंडून ठेवावा आणि एकदाच मोकळा करावा, तसा. त्यात राग नव्हता, असं ती अप्पांना म्हणाली. नुसता थकवा होता.

मग तोही संपला.

लाइट आली.

मथुराचा हात हवेत होता. हाताखाली खांदा नव्हता. मशीनपुढं कुणीच नव्हतं. पट्टी वर चढलेली. आणि पट्टीच्या त्या काचेसारख्या प्लास्टिकवर वाफ धरली होती. ओली, दाट, जणू कुणी तोंड लावून आत्ताच फुंकर घातलीय. कडेनं हळूहळू विरत चाललेली.

धुरपताबाई नव्हती. खुंटीवर टांगलेली तिची चोळी नव्हती. गेली. पळाली. तिसऱ्यांदा…

“धुरपतामावशी!”

ती मशीनच्या मागं बघून आली.

“धुरपतामावशी!” मथुरा रडकुंडीला येऊन ओरडली. “मावशी, ओ द्या हो!”

आणि दाराबाहेरच्या बाकड्यावरून, पदर सावरत, धुरपताबाईनं ओ दिली.

“आगं हितं हाय की मी! वरडायलीस कशाला? तू पळालीस तसं त्या दुसऱ्या बाईनंच सोडवलं मला. म्हनली, तू बस भाईर, तुझ्या जागी मी धरते दम, मला सवय हाय. चल, आली नव्हं लाइट? काढ माझा फोटू. अन ती म्हनली, पोरीला सांग, ह्या टायमाला सोडा म्हनायचं इसरू नको.”