वहीचं शेवटचं पान

सुनेत्राने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो इतिहासाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मागच्या बाजूने उघडून बसला होता. बाहेर श्रावणाची भुरभुर, आत परभणीच्या नव्या कॉलेजचं एका खोलीचं वाचनालय, आणि हा पठ्ठ्या थेट शेवटच्या पानावर!

"शेवट वाचायची एवढी घाई?" तिने विचारलं.

तो गडबडून उठला. उंच, उन्हाने रापलेला, कानावर पेन्सिल खोचलेली. तिच्या हातातलं हजेरीबुक पाहून तो ओशाळला. "घाई न्हाई, बाई... सातवीपर्यंत उर्दूत शिकलो. हात अजून किताब तिकडूनच उघडतो."

ती हसली. हसायला नको होतं, हे तिला नंतर सुचलं. पण तोही हसला, आणि मग ओशाळणं राहिलंच.

निजामी जाऊन सात वर्षं झाली होती. शाळेतली उर्दू गेली होती आणि कॉलेजात सगळे विषय इंग्रजीत आले होते. मुलं बिचारी समजो न समजो, पानंच्या पानं घोकत. म्हणून प्राचार्यांनी सकाळचा वाचनवर्ग काढला आणि नुकत्याच बी.ए. झालेल्या सुनेत्राच्या हाती दिला. कोर्टातले हेडक्लार्क अनंतराव यांची ही लेक. एकवीस वर्षांची, पण वर्गात उभी राहिली की मागच्या बाकावरची कुजबुज आपोआप थांबे.

शेवटचं पान उघडणारा तो मुलगा म्हणजे वैजीनाथ, पेडगावचा. मॅट्रिकनंतर दोन वर्षं औत हाकून तो कॉलेजात आला आणि इंटरला आपटला. त्याने अख्खं प्रकरण पाठ करून पेपरात उतरवलं होतं, अगदी 'मागील प्रकरणात आपण पाहिलेच आहे' आणि 'पान एकशे बारावरील नकाशा पाहा' यांच्यासकट. हे ऐकून सुनेत्राला हसू आवरेना. पण त्याचे वडील लिंबाजी यांनी त्याला बजावलं होतं, आणखी एकच वर्ष. पुन्हा नापास झालास तर कॉलेज बंद. ते कळलं तेव्हा मात्र तिचं हसू मावळलं.

तिचा नियम एकच होता. एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि आपल्या शब्दांत सांगायचं. पुस्तकात आहे तेवढंच सांगायचं, पदरचं घालायचं नाही. इतिहास गोष्टीसारखा वाचा, ती म्हणे, पुढे काय झालं आणि का झालं ते विचारत. अर्थशास्त्र वाचताना बाजार डोळ्यांपुढे आणा. तर्कशास्त्राला मात्र घाई चालत नाही, एकेक वाक्य दोनदा वाचा.

वैजीनाथने मागणी-पुरवठा सांगितला तो पेडगावच्या बाजारातल्या वांग्यांवरून. सगळा वर्ग हसला, आणि सगळ्या वर्गाला समजलं. पदरचं घालायची त्याची खोड मात्र जाईना. लढाईत हरलेल्या राजाच्या तोंडी तो खुशाल दोन वाक्यं घाले. "हे पुस्तकात आहे?" ती डोळे वटारून विचारी. "पुस्तकात न्हाई, बाई... पण त्याच्या मनात असंल की," तो म्हणे. तिला मान वळवून खिडकीबाहेर पाहावं लागे.

दर शनिवारी तो गावी जाई आणि आठवड्याचे धडे भाकऱ्या थापणाऱ्या आईला, गोजरबाईंना, सांगे. आईला कळलं की आपल्याला कळलं, असा त्याचा हिशेब. सोमवारी तो गोजरबाईंचे प्रश्न घेऊन येई आणि सुनेत्रा रविवारभर त्या सोमवारची वाट पाही. हळूहळू तिने स्वतःशी कबूल करून टाकलं, की आपल्याला हा माणूस आवडतो. वाचता येतं तिला. स्वतःचं मनही वाचता येतं.

परीक्षा झाली, उन्हाळा सरला. निकालाच्या दिवशी तिने वाचनालयात वर्तमानपत्र उघडलं. त्याचा नंबर त्यात नसला तर तो पुन्हा या दारातून आत येणार नव्हता. तिने रकाना एकदा वाचला. मग तर्कशास्त्रासारखा दुसऱ्यांदा. नंबर होता... दुसऱ्या वर्गात होता!

दुपारी तो आला. टेबलावर आपली वही ठेवून म्हणाला, "वाचून बघा, बाई," आणि लांबच्या कपाटाशी जाऊन उभा राहिला.

तिने पहिलं पान उघडलं. इतिहासाची टिपणं. दुसरं, तिसरं... सगळी टिपणंच. तिने वर पाहिलं. कपाटाशी तो एक पुस्तक हातात धरून उभा होता, पण वाचत नव्हता. तेव्हा तिला त्याच्या हाताची सवय आठवली. तिने वही उलटी केली आणि मागून उघडली.

'सुनेत्रा, हे मी कुठून पाठ केलेलं न्हाई. आई विचारायली, जिचं एवढं सांगतोस ती आपल्या घरी कधी येणार? मला उत्तर येईना. मला तुमी लय आवडता. येताल का?'

तो जवळ येऊन उभा राहिला होता. "वाचलं? मग वही मिटा," तो हळूच म्हणाला. "आता तुमच्या शब्दांत सांगा, बाई."

तिचे कान तापले. पण नियम तिचाच होता. तिने वही मिटली आणि सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"पेडगावचा एक मुलगा एका मुलीला विचारतोय, घरी येशील का. त्याला ती फार आवडते. आणि... त्या मुलीलाही तो आवडतो. ती येणार आहे. आपल्या बाबांशी ती आजच बोलणार आहे."

"हे शेवटचं तर वहीत न्हाई," वैजीनाथ कसाबसा म्हणाला. "पदरचं घालायचं न्हाई, तुमीच म्हणत होता."

"मग लिहून घ्या," सुनेत्रा म्हणाली, आणि त्याच्या कानावरची पेन्सिल काढून तिने त्याच्या हातात दिली.