फळ्यावरची खोल पाण्याची ओळ

निघालात? भरती दोनला आहे, आत्तापासून वाळूवर बसून काय मिळवाल? बसा. ते गळ आधी बाजूला ठेवा, कुणाच्या तरी पायात घुसतील. एक घडलेलं सांगतो. ऐकीव नाही. यातला एक तुकडा माझ्या नावावर आहे आणि तो मला आजवर उलगडलेला नाही.

जेटीसमोर गळ-दोऱ्यांचं दुकान होतं. दुकानदाराला सगळे मास्तर म्हणायचे. शाळा त्याची सातवीतच सुटलेली, पण दुकानाबाहेरच्या फळ्यावर रोज रात्री खडूने लिहायचा, म्हणून मास्तर. तीनच ओळी असायच्या. खोल पाणी, काठालगत, वाळू. वारा कसा, लाट केवढी, मासा कुठे लागतोय. खोल पाण्याचं त्याचे भाओजी वायरलेसवर सांगायचे, ते बोटीचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे. काठालगतचं एक खेकडेवाला फोन करून कळवायचा. वाळूवरचं मी सांगायचो, कारण टपालातून रिटायर झाल्यावर मला दुसरा उद्योग नव्हता. पहाटे बोटवाले फळा वाचायचे आणि मगच दोर सोडायचे.

पाऊस सरला की समुद्र कसा गोड वागतो, तुम्हाला सांगायला नको. बांगडा काठाला येतो, पाणी निवळतं आणि माणूस गाफील होतो. अशाच एका ऑक्टोबरात तांडेल इंजिनाच्या दुरुस्तीसाठी चार दिवस घरी होते. खोल पाण्याची खबर द्यायला कुणी नव्हतं. मास्तरने दुसऱ्या बोटींना विचारायचा कंटाळा केला आणि जुनीच ओळ राहू दिली. 'वारा मंद, लाट गुडघाभर, खुशाल जा.' पहाटे चारला ती वाचून तांडेल इंजिन तपासायला बोट घेऊन एकटेच खोल पाण्यात गेले.

सहाला वारा उलटला. दुसरं कुणी अजून जेटीवर आलं नव्हतं. मास्तरने काय केलं असेल? ओला फडका घेतला, ओळ पुसली आणि लिहिलं, 'समुद्र खवळलेला, जाऊ नये.'

बोट आली नाही. सगळीकडे एकच बोलणं, फळा वाचूनही गेला, हट्टीच माणूस. मास्तरच्या ताईने, म्हणजे तांडेलांच्या बायकोनेही तेच मनात धरलं. वर्षभर ती मेलेल्या नवऱ्यावर चिडलेली होती, डोळ्यांतून टिपूस नाही. मास्तर तिच्यासमोर चहा पीत ते ऐकायचा आणि मान हलवायचा. त्या मान हलवण्याचा मला आजही राग येतो.

मग पुढचं वर्ष. ऑक्टोबरची एकोणतीस तारीख, मंगळवार. ताईचा मुलगा पहाटे चारला पहिल्यांदाच बापाची दुसरी, लहान बोट घेऊन खोल पाण्यात जाणार होता. त्या रात्रीचं मास्तरनेच नंतर मला सांगितलं. तो दहाला थर्मास घेऊन दुकानात आला. खोल पाण्याची ओळ राहिली होती. वायरलेसवर दोन-चार बोटींना हाका मारल्या, कुणी बोलेना. फळ्यावर काल लिहिलेली ओळ तशीच राहू द्यावी, असं त्याच्या मनात आलं. बघा म्हणजे. एवढं होऊनही.

दहा पन्नासला सेट खरखरला.

"मास्तर, लिहून घे."

आवाज भाओजींचा होता. बोलायच्या आधी घसा साफ करायची सवय, तीसुद्धा तीच.

"खोल पाणी. वारा उलटणार. लाट डोक्यावरून जाईल."

मास्तरने सेट बंद केला. वायर उपटली. बॅटरी काढून बर्फाच्या पेटीवर ठेवली आणि आतून शटर ओढून घेतलं.

साडेअकराला, त्याच सेटमधून, तोच आवाज...

"काठालगत. पाणी गढूळ. मासा नाही."

मास्तर पेटीमागे बसला. तोंडावर हात. घाम कानामागून गळ्यात उतरत होता.

बारा वाजून दहा मिनिटं.

"वाळू... पाय रुततात."

वाळूवरचं कोण सांगतं? मी. आणि मी त्या दिवशी आठलाच सांगून झोपलो होतो.

त्यानंतर सेट गप्प.

बाहेर पावलं. ओली. सावकाश. जेटीच्या दगडावरून पायरीवर. पायरीवरून... शटरपाशी.

थांबली.

फळा खिळ्यावर हलला. मग खरवडल्याचा आवाज, फळ्यावर लिहिताना येतो तसा. मास्तरने हातात बघितलं. खडू त्याच्याच मुठीत होता.

आवाज थांबला. मग काहीच नाही. तो चारपर्यंत जागचा हलला नाही.

चारला शटर वाजलं. "मामा, उघड ना. मीच आहे." भाचा आणि त्याच्या मागे ताई. मास्तर धडपडत बाहेर आला. समुद्र सपाट होता, वारा अजिबात नाही. भाच्याने टॉर्चचा उजेड फळ्यावर टाकला आणि मोठ्याने वाचलं. "वारा मंद, लाट गुडघाभर, खुशाल जा. चला, निघतो."

अक्षर मास्तरचंच होतं. कालची ओळ गेलेली, तिच्या जागी ही.

भाचा जेटीवर उतरला, दोराला हात घातला. मास्तर गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. आणि पोरगा गेला असता.

"थांब," तो म्हणाला. "ते आजचं नाही. मागच्या वर्षी मी लिहिलेलं आहे. न विचारता. तुझे बाबा तेच वाचून गेले... मी नंतर पुसलं."

भाच्याने दोरावरचा हात काढला.

मग ताई फळ्यापाशी गेली. ओळीवर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"मीठ आहे," ती म्हणाली. पायरीवर बसली आणि वर्षाचं रडणं तिथेच रडली. भावाकडे तिने मान वर करून पाहिलं नाही, पुढेही कधी नाही. सहाला वारा उलटला. जेटीवरून लाटा जाताना मी डोळ्यांनी पाहिल्या.

मास्तरने दुकान विकलं. फळा कुणी घेईना, म्हणून मी आणला. चांगला चोळून धुतला. ओळ गेली. उन्हात वाळला, तर पुन्हा तीच, पांढरी. तीनदा धुतला, तीनदा आली. फक्त 'खुशाल जा' हे दोन शब्द पहिल्या धुण्यात गेले, ते काही परत उमटले नाहीत.