नवी डिस्क बुजते थोडी

पहिल्याच भेटीत त्याने तिच्या तळहातावर सात बारीक स्क्रू ठेवले. ओळख ना पाळख, आणि वर हुकूम, "मूठ मिटून ठेवा. एक जरी पडला तरी दोघांनाही रांगावं लागेल."

ती दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप टाकून पळणार होती... पण मूठभर स्क्रू घेऊन जाणार कुठे? बसली. प्रेमात पडायची ही काय जागा झाली? पण पडणाऱ्याला खड्डा कुठेही सापडतो म्हणा!

ती नकाशे काढायची. तीन वर्षं साहेबांच्या हाताखाली दुसऱ्यांच्या घरांचे जिने आखून कंटाळली होती. आता एका वाचनालयाच्या इमारतीच्या नकाशांची स्पर्धा लागली होती. जिंकली, तर स्वतःच्या नावाची पाटी लागणार होती. नऊ दिवस हातात होते आणि लॅपटॉप सुरू व्हायलाच चहा गार होईल इतका वेळ घ्यायचा.

"डिस्क म्हातारी झालीय," तो म्हणाला. दुकानात त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. "आतली अख्खी सिस्टीम उचलून नव्या डिस्कवर ठेवतो. तुमचं काही हलणार नाही. जुनी आठ दिवस आतच राहू दे. सगळं नीट चाललं की मग पुसू."

"आणि नाही चाललं तर?"

"तर मी आहे ना..." असं म्हणून तो जो हसला, त्यात एक स्क्रू बसवायचा राहूनच गेला. तो तिने पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी ती तक्रार घेऊन हजर. "डॉक्टर, तुमची नवी डिस्क काही धावत नाही हं."

"नवीन आहे, बुजते थोडी. रुळेल. तुम्ही नाही का, काल 'अहो अहो' करत होतात?"

"आजही करतेय की!"

"उद्या नाही करणार."

आणि खरंच, तिसऱ्या दिवशी 'अहो'चं 'अरे' झालं. तो तिला 'नकाशेवाली' म्हणू लागला. संध्याकाळी ती दुकानात येऊन बसायची, दिवसभराचं काम दाखवायची. मुलांच्या खोलीची खिडकी इतकी खाली का, त्याने विचारलं. "बसून वाचताना झाड दिसायला हवं ना," ती म्हणाली. तो कितीतरी वेळ त्या खिडकीकडेच बघत राहिला... आणि ती त्याच्याकडे.

आठव्या दिवशी सगळे नकाशे पुरे झाले. त्याने जुनी डिस्क पूर्ण पुसली. लॅपटॉप सुरू केला, आणि पडद्यावर वाचनालय होतं ते आठ दिवसांपूर्वीचं. चार भिंती आणि एक दार. खिडकी नव्हती.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "नवी डिस्कच... खराब निघाली," तो कसाबसा म्हणाला.

नकाशे पाठवायची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारची. पण त्याचा तो चेहरा तिला बघवेना. तिने त्याचे हात हातात घेतले. "वेडा आहेस का? तुझा काय दोष त्यात?"

"तू मला फार आवडतेस," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"मलाही... तू," ती म्हणाली. एवढं नुकसान होऊनही ती त्या दिवशी हसत घरी गेली.

मुदत टळली. नंतरच्या दिवशी ती एकटीच दुकानात गेली. डिस्क बदलून आणायची दगदग त्याला नको, एवढाच विचार. तो बाहेर कामाला गेला होता. दुकानाच्या मालकीणबाईंनी लॅपटॉप जोडून तपासला, आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"डिस्क तर ठणठणीत आहे गं. आठ दिवस हिच्यावर काम झालंच नाही. नव्या डिस्कवरून सुरू हो, असं लॅपटॉपला सांगायला लागतं, ते डॉक्टरकडून राहिलं. तू जुनीवरच काम करत होतीस. ती पुसलीय, आता परत यायची नाही. डॉक्टर बोलला नाही तुला? त्याला तर त्याच दिवशी कळलं असणार."

तेवढ्यात तो दारात आला. तिचा चेहरा बघून तिथेच थबकला.

"घाबरलो गं," तो म्हणाला. "वाटलं, तू निघून जाशील."

"भांडले असते. रडले असते. चार दिवस तोंड बघितलं नसतं तुझं," ती म्हणाली. "पण गेले नसते रे! माझं सगळं गेलं तरी मी तुझीच समजूत काढत बसले, आणि तू काढू दिलीस."

"एकदा... माफ कर ना."

तिने पर्समधून तो स्क्रू काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. मूठ मात्र तिने मिटून दिली नाही, ती त्याची त्यालाच मिटावी लागली.

घरी येऊन तिने लॅपटॉप उघडला. डोळे पुसायला पदराचं टोक हातात घेतलं, तेवढ्यात लॅपटॉप सुरूसुद्धा झाला होता. नवी डिस्क भलतीच धावत होती. ती त्या चार भिंतींकडे बघत बसली, आणि मग पोटभर रडली.