जीपमध्ये बसलेला पाहुणा

माझे निवृत्तीमामा तसे पक्के थापाडे. पण ही गोष्ट त्यांनी मला तीनदा सांगितली, आणि तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. म्हणून ही खरी आहे, यावर मी पैज लावायला तयार आहे.

साल एकोणीसशे एकोणपन्नास. आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. चैत्रातली भर दुपार होती. मेहकर-सुलतानपूर रस्ता, कोरड्या नाल्याजवळचं हिवराचं झाड.

मामा मेहकरचे मिस्त्री. सुलतानपूरच्या महादेवरावांनी लष्कराच्या लिलावात एक जीप घेतली होती. नाल्या-खडकांतून कुठंही जायची, पण चालताना सारखी कुरकुरायची. मागच्या चाकावर लोखंडी पट्ट्यांची कमान असते, पाटा म्हणतात तिला. तो पाटा गाडीला जिथं अडकतो, तिथली गोल पुंगळी, म्हणजे बुश, पार झिजला होता. त्या दिवशी त्यातला बोल्टही तुटला आणि जीप नाल्याकाठी अडकली.

निरोप मिळताच मामा नवा बुश, बोल्ट आणि जॅक घेऊन पोचले. सोबत फक्त जीपचा ड्रायव्हर, इंद्रभान.

मामा चाकोरीत पाठ टेकून गाडीखाली शिरले. जुना बुश ठोकून काढला. ठोक्यांच्या आवाजात इंद्रभान पलीकडच्या विहिरीवर पाणी आणायला निघून गेला, ते त्यांना कळलंच नाही.

नवा बुश बसवला. जॅक काढून बाहेर सारला.

पण बोल्ट घालायला पाट्याचं भोक गाडीच्या भोकाला जुळेना... बोटभर राहिलं.

यावर मिस्त्री लोकांचा साधा उपाय असतो. गाडीत कोणाला तरी बसवायचं. वजनानं पाटा दबतो, लांबतो, आणि भोक जुळतं.

मामा खालूनच ओरडले, "बस बे वरतं!"

क्षणभर काहीच नाही.

मग... पाटा दबला.

पावलं वाजली नाहीत. नुसतं वजन आलं.

"अजून थोडं. माघं सरक."

अजून दबला. बोल्ट अलगद आत गेला. मामांनी नट आवळला.

"शाब्बास! उतर आता."

कोणी उतरलं नाही.

"उतर बे! छातीले लागून राह्यली गाडी!"

पाटा आणखी दबला...

लोखंड छातीवर टेकलं. दोन्ही हात कोपरापासून अडकले. मामांना आधी रागच आला. मेल्याला थट्टा सुचतेय! त्यांनी कशीबशी मान वळवली.

दूर नाल्याच्या उतारावरून इंद्रभान येत होता. हातात पाण्याची बादली.

मग वर कोण?

वरून सीट कुरकुरली... कोणीतरी ऐसपैस टेकून बसावं तशी.

मामांची ती अवस्था बघून इंद्रभान बादली टाकून धावला.

"वरतं कोन हाय?" मामांनी विचारलं.

"कोनीच नाही, भाऊ. गाडी रिकामी हाय." त्यानं आत वाकून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "पन... गादी दबेल हाय."

त्यानं जॅक लावला. दांड्यावर लोंबकळला. गाडी केसभरही वर आली नाही.

मामांचा श्वास आखूड होत चालला. लग्नाला चारच महिने झाले होते. घरी सोजरामामी भाकरी झाकून वाट बघत असेल, आणि आपण इथं या गाडीखाली मरणार. मामा सांगायचे, आयुष्यात एवढी भीती पुन्हा कधी वाटली नाही.

आणि त्यांच्या तोंडून तेच निघालं, जे आपण वाटेत भेटलेल्या कुणालाही म्हणतो.

"पाव्हनं... इथं उन्हात काऊन बसता? घरी चला. माह्या घरी बसा."

पाटा वर आला.

झटक्यानं नाही. सावकाश... म्हातारं माणूस गुडघ्यावर हात ठेवून उठतं तसा.

मामा सरपटत बाहेर आले. जीपमध्ये काही ते बसले नाहीत. पायी मेहकरला आले, वाटेत एकदाही मागं न बघता.

संध्याकाळी ओसरीत मामी म्हणाली, "आत्ता परवा तर बाज आवळली होती. अशी ढिली काऊन झाली?"

बाजेची दोरी एका बाजूनं खाली गेली होती.

मामांनी ती आवळली. सकाळी पुन्हा तशीच... पुढं चाळीस वर्षं ते दर आठ दिवसांनी ती बाज आवळत राहिले. त्यावर कोणाला टेकू दिलं नाही. आणि "बसा" हा शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला नाही. पोरीच्या लग्नात व्याह्यांना नुसतं हातानं सतरंजी दाखवली. व्याही रुसले ते रुसलेच.

मामा गेले. तेराव्याला मी मेहकरला गेलो. मामीचे गुडघे पार गेलेले. दिवसभर ती ओसरीतच असते, बाजेसमोर. पोरगी दूर दिलेली. मामीला माझ्याकडे न्यावं, असं ठरवूनच मी गेलो होतो.

मी तिच्याजवळ टेकलो. तिचा हात धरला. "घरी चल" एवढंच म्हणायचं होतं.

समोर बाजेची दोरी हळूच कुरकुरली...

शब्द ओठांवर आला होता. मी तो गिळला.

मामी अजून तिथंच आहे. लोक म्हणतात, बिचारी एकटी राहते. मी काही बोलत नाही.